पुजलेला ट्रॅक्टर

नांगरट तोंडावर आली आणि माझ्या जुन्या विलायती ट्रॅक्टरच्या इंजिनाचा बोल्ट तुटला. तसला बोल्ट पुण्यातही मिळेना. घोटावड्यात एकाकडे अगदी तसलाच ट्रॅक्टर बंद पडलाय असं कळलं, म्हणून तिथे गेलो. ट्रॅक्टरवर कोंबड्या बसल्या होत्या. मालक त्यांना हुसकून उपरण्याने पत्रा पुसत होता. मी बोल्ट मागितला.

"खंडेनवमीला पुजतो आमी ह्याला," तो म्हणाला. "देवाचा हात मोडून देऊ व्हय?"

चहा मात्र आग्रहाने पाजला. निघताना हळूच म्हणाला, "तुमचा बंदच हाय न्हवं? त्याचा डिझेलचा पंप द्या की. माजा चालू हुईल."

मी ताडकन म्हणालो, "छे! आम्हीही पुजतो."

पूजा त्या वर्षापासून सुरू केली.