दोघांनी पाहिली तरच धरायची

आभाळ निरभ्र असलं की आमच्या मंडळाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. उल्का पडतात, आम्ही मोजतो, घरी येऊन झोपतो. किस्से होतात ते ढग आल्यावर! आणि डिसेंबरातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव आला की ढग आलेच म्हणून समजा. वर्षभर अख्खा लातूर जिल्हा ज्यांची वाट बघतो, ते नेमके आमच्या रात्री हजर! त्यामुळे माझ्याकडे उल्का कमी आणि किस्से भरपूर जमलेत.

मंडळ काढलं गायकवाड सरांनी. रेणापूरच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. माझं लातुरात घड्याळदुरुस्तीचं दुकान. सर घड्याळ घेऊन आले आणि जाताना मला सभासद करून गेले. जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता, जिकडेतिकडे पाट्या रंगवणं चाललेलं. सरांनीही एक रंगवून घेतली : 'जिल्ह्यातील पहिले आकाशदर्शन मंडळ'.

पेंटरनं विचारलं, "सर, दुसरं कुटं हाय?"

"न्हाई ना! म्हणून तर पहिलं!"

•

सुरुवातीला आम्ही माझ्या गच्चीवर जमायचो. मोठा त्रास रस्त्यावरच्या दिव्यांचा. त्यामुळे लाइट गेली की सगळी गल्ली शिव्या घालायची आणि आमच्या गच्चीवरून टाळ्या पडायच्या!

हे दोन-चारदा झाल्यावर शेजारचे चाचा जिना चढून वर आले. हात जोडून म्हणाले, "सर, तुमची पहचान लई वरपर्यंत दिसते. नातवाची परीक्षा हाय. तेवढा आठवडा लाइट जाऊ देऊ नका!"

सरांनी शब्द दिला. आणि नशीब बघा, तो अख्खा आठवडा लाइट गेली नाही! पुढे गल्लीत सरांना जो मान मिळाला, तो आमच्यापैकी कुणालाच मिळाला नाही.

•

सरांनी दुर्बिणीचा खोलगट आरसा स्वतः घासला. जाड काच, पाणी, पावडर आणि रोज संध्याकाळी खर्र खर्र. घरचे कंटाळले, सर कंटाळले नाहीत. चकाकी चढवायला आम्ही दोघं तो नांदेडला घेऊन गेलो. परतीच्या एसटीत कंडक्टरनं गाठोडं उघडायला लावलं. थोडा मागे सरून त्यानं आरशात पाहिलं आणि दचकलाच.

"सर, ह्यात माझं मुंडकं खाली दिसून राहिलंय!"

"तसंच दिसायला पाहिजे."

"फसवलं तुमाला दुकानदारानं! वापस करा!"

सर लातूर येईपर्यंत खुशीत. "आरसा पास झाला," म्हणाले.

आरसा पास झाला, पण बसवायचा कुठे? शाळेच्या गच्चीवर सरकत्या छताची खोली हवी होती. नव्या जिल्हा कचेरीत सरांनी अर्ज दिला. खोली होईपर्यंत आरसा गोधडीत गुंडाळून ट्रंकेत. दर रविवारी सर ट्रंक उघडून बघायचे. मला ते बघवायचं नाही.

•

गच्ची सोडून मग आम्ही शिरूर अनंतपाळजवळ बाबूरावांच्या माळावर जायला लागलो. बाबूराव शेतकरी, आमचे सर्वांत तरबेज सभासद. सर दिसले की ते म्हणायचे, "जयभीम सर!" आणि सर म्हणायचे, "रामराम पाटील!"

त्या वर्षी दुष्काळ होता. बाबूरावांची ज्वारी पोटऱ्यात येऊन अडकली होती, कणसं बाहेर पडत नव्हती. बाबूराव दिवसा ढग मागायचे आणि रात्री मोकळं आभाळ. दोन्ही अगदी मनापासून!

त्यांच्या आईला, कोंडामायला, हे मान्य नव्हतं. "आमी ढगाला ये म्हणतो, तुमी जा म्हणता. त्यानं ऐकावं कुणाचं?"

सर म्हणाले, "माय, आमी कायबी म्हणत न्हाई. नुसतं बघतो."

"बघून बघूनच पळवलेत तुमी!"

असं म्हणायची आणि चुलीवर चहा ठेवायची. गाय आटलेली, म्हणून कोरा.

•

आता आमचा नियम सांगतो. माळावर आम्ही पायाला पाय लावून गोल झोपतो. एकेका दिशेला दोघं. उल्का दिसली की फक्त "गेली!" म्हणायचं आणि कुठून कुठे ते सरांच्या कानात सांगायचं. मग जोडीदारानं ते मोठ्यानं सांगायचं. दोघांचं जुळलं तरच उल्का धरायची. पुण्या-मुंबईची मंडळी काय करतात मला माहीत नाही, आमच्याकडे एकट्याची उल्का चालत नाही!

तर त्या डिसेंबरात कचेरीतले साहेब स्वतः माळावर आले. म्हणाले, "एक उल्का दाखवा, खोली मंजूर."

वर गच्च ढग! साहेबांना बाबूरावांचा जोडीदार केलं. तास गेले. ज्वारीच्या पलीकडे कोंडामायची चूल तेवढी दिसत होती. दक्षिणेला ढगात खाटेएवढी फट पडली, तेव्हा साहेब निघायचं म्हणून घड्याळ बघत होते. ते घड्याळ मीच आठवड्यापूर्वी दुरुस्त केलेलं!

"गेली!" बाबूराव ओरडले आणि सरांच्या कानाला लागले. फट मिटली.

सरांनी विचारलं, "साहेब, कुठून कुठे?"

साहेबांनी अंदाजानं हात फिरवला. पार उलटा.

"ही धरता येणार नाही, साहेब."

"अहो, हा माणूस खोटं बोलतोय का? लिहा, मीही पाहिली. खोली तुमचीच अडकलीय!"

"हाव साहेब, माझीच," सर म्हणाले. "तरी नाही."

मला ट्रंकेतला आरसा आठवला, वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, या माणसाच्या मंडळात आपण आहोत म्हणून ऊर भरूनही आला. बाबूरावच म्हणाले, "बरोबर हाय सर. एकट्याची हाय, सोडा."

तेवढ्यात ज्वारीतून कोंडामाय किटली घेऊन आली. "का रं बाबू, मगाशी हिरवं हिरवं काय गेलं ते?"

सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "माय, कुठून कुठे गेलं?"

तिनं किटलीच उचलून दाखवली. "मिरगाच्या पायापून त्या वाळल्या बाभळीवर. डोळं फुटलेत का तुमचे?"

सरांनी बाबूरावांकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "धरा."

साहेबांनी कोरा चहा संपवला, मफलर गुंडाळला. "सर, उद्या कचेरीत या," एवढंच म्हणाले.

कोंडामायनं रिकामे कप गोळा केले आणि एकदा वर बघितलं.

"झालं ना तुमचं? मग आता त्या ढगाला कुणी बघू नका!"

आणि आम्ही सगळे, साहेबांसकट, माना खाली घालून बसलो.