चित्रावरची सही राहिली होती

मंडळी, मी लातुरात माती तपासते. मृदशास्त्रज्ञ आहे. शाळेपासून चित्रंही काढते, पण हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या खुर्चीमागं तुरीच्या रानाचं एक चित्र आहे, माझंच. सगळ्यांना ते विकतचं वाटायचं. मीही वाटू द्यायचे.

आज चाकूरचे एक मामा मातीचा रिपोर्ट न्यायला आले. कागद बघितला आणि परत दिला. "मॅडम, सही राहिली की."

मी सही करेपर्यंत ते चित्राकडं बघत होते. "तूर लई चांगली आलीय. कुणी काढलं हे?"

आज कशी कोण जाणे, बोलून गेले, "मीच."

मामा उठले, वाकून चित्राचे चारी कोपरे बघितले. "ह्याच्यावर बी सही न्हाई! बिनसहीचा कागद मी नेत न्हाई, अन् तुम्ही बिनसहीचं चित्र टांगून ठिवलं?"

चित्र उतरवलं आणि त्याच पेनानं सही केली. सवयीनं हात खाली पदनाम लिहायला निघाला होता. थांबवला. इथं नाव पुरे होतं.

घरी कपाटात अजून चाळीसेक चित्रं आहेत. पेन घेऊनच बसलेय.

तुमच्याकडं बिनसहीचं काय पडून आहे?