फाटकावरचा फ्लेक्स
कडब्याच्या गंजीवर टाकलेला जुना फ्लेक्स आज वाऱ्यानं फडफडला आणि ती दुपार आठवली. आमच्या सरकारी दवाखान्याचे एकमेव डॉक्टर नोकरीसाठी इंग्लंडला गेले, तेव्हा अभिनंदनाचा हा फ्लेक्स मीच दवाखान्याच्या फाटकावर लावला होता. त्यांच्या फोटोखाली हात जोडून हसणारा मी. आठच दिवसांत भरदुपारी वडिलांना द्राक्षबागेत नाग चावला. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. "डॉक्टरांबिगर इंजेक्शन कसं देऊ? मिरजेला पळवा," नर्सबाई म्हणाल्या. वडिलांच्या पापण्या मिटत होत्या. "आप्पा, डोळं मिटू नगा!" मी ओरडलो. फाटकातून गाडी निघताना त्यांनी फ्लेक्सकडं पाहिलं. "आपुनच वाजतगाजत धाडला की रं त्याला." मिरज यायच्या आधीच त्यांचा हात माझ्या हातात गार पडला. फ्लेक्सवरचा डॉक्टरांचा चेहरा आता उन्हानं उडालाय, माझं हसू तेवढं शाबूत आहे.