काकवीसाठी भागीदार पाहिजे

समोरच्या माणसानं आपल्या धंद्यात भागीदार म्हणून यावं यासाठी पत्र लिहायचं, आणि त्यानं का येऊ नये याची सगळी कारणं त्याच पत्रात नीट क्रमवार मांडायची, ही कला सबंध नगर जिल्ह्यात माझ्या आत्याइतकी कुणाला साधलेली नाही. जिल्ह्याबाहेरही साधली असेल असं मला वाटत नाही. केडगावात पुणे रस्त्याला लागून माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं बसून मी इतके अर्ज टाइप केलेत की माणसं स्वतःबद्दल कागदावर काय काय सांगतात हे मला पाठ झालंय. प्रत्येक जण 'अत्यंत प्रामाणिक व कष्टाळू' असतो. रजेच्या अर्जातला ताप कधी साधा नसतो, आणि दुकानाच्या जाहिरातीतला माल कधी 'बरा' नसतो, तो 'उत्कृष्ट'च असतो. या सगळ्या गर्दीत माझी आत्या महिन्यातून एकदा श्रीगोंद्याकडून एसटीनं यायची, पिशवीतून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढायची आणि म्हणायची, "हे टाइप कर. काना-मात्रा तपास, पन मजकुराला हात लावू नको."

आत्या राहते श्रीगोंद्याजवळच्या एका वाडीवर. शिकली सातवीपर्यंत, पण अक्षर असं की वाडीतल्या मास्तरांनी फळ्यावर सुविचार लिहायला तिला बोलवावं. ती बोलते आमच्याकडचं गावरान, आणि लिहायला बसली की मात्र एकदम पुस्तकी होते. 'स. न. वि. वि.' पासून सुरुवात, आणि 'लोभ असावा' यावर शेवट. या अक्षरापायी भावकीतल्या सगळ्या मुलामुलींच्या स्थळांची पत्रं वर्षानुवर्षं तिनंच लिहिली. त्यातही तिचा एक नियम होता. जे नंतर कळणारच आहे ते आधीच कळवायचं. माझ्या लग्नाच्या वेळी तिनं मुलाकडच्यांना लिहिलं होतं, 'मुलगी टायपिंग शिकलेली आहे. सकाळी हाक मारल्याशिवाय उठत नाही. रागावली की दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी आपण होऊन बोलते, तरी घाई करू नये.' हे पत्र कळल्यावर मी दोन दिवस आत्याशी बोलले नाही. सासरची मंडळी मात्र लगेच बघायला आली. सासूबाई पुढं मला म्हणाल्या, "बाकीच्या पोरींची पत्रं एकाच साच्यातली वाटत होती. तू तेवढी घरातली वाटलीस."

तर अशी ही आत्या धंद्याच्या पत्रव्यवहाराकडं वळली ती गुऱ्हाळामुळं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांचं वडिलांच्या वेळचं छोटं गुऱ्हाळ आहे. आसपासचा सगळा ऊस शुगर फॅक्टरीला जातो, यांचा तेवढा घरच्या काहिलीत कढतो. गुळाला मागणी राहिली नाही, कामाला माणूस मिळेना. एका साली मामा जेवता जेवता म्हणाले, "आता बास. पुढच्या सालापासनं आपला बी ऊस कारखान्याला." आत्यानं भाकरी थापायची थांबवली. त्या गुऱ्हाळात ती लग्न होऊन आलेल्या हिवाळ्यापासून राबलेली. काहिलीतला रस कधी फुटतो आणि कधी धरतो हे तिला नुसत्या वासावरून कळतं. ती म्हणाली, "गूळ खपत न्हाई तर काकवी इकू. बाटल्या भरू. आपल्याला इकायचं जमत न्हाई, तर जमनारा गडी भागीदार घेऊ."

"आन त्यो घावनार कुठं?" मामांनी विचारलं.

"पोरींना नवरे घावले का न्हाई? भागीदारी म्हंजी तरी काय, सोयरीकच की!"

आणि तिनं स्थळं बघावीत तशी भागीदार बघायला सुरुवात केली. पहिलं पत्र माझ्यापुढं आलं ते मला अजून आठवतं. 'आमची काकवी चवीला चांगली आहे, हे खाणारे सांगतात, आम्ही घरचे असल्यामुळे आमचे मत धरू नये. थंडीत तिच्या तळाशी साखर धरते, बाटली उन्हात ठेवल्यास सुटते. बरणीला मुंग्या येतात, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होते व होळीला बंद पडते, बाकीच्या दिवसांत मागितल्यास मिळणार नाही. आमचे यजमान कमी बोलतात, तो राग समजू नये.' यापुढं समोरच्या माणसासाठी प्रश्न: 'आपला स्वभाव कसा आहे? घरी कोण कोण असते? घरात भांडण झाल्यास कोण मिटवते? आपण माल स्वतः चाखता का?'

"आत्या, मुंग्यांचं काढून टाकू का?" मी विचारलं.

"का? येत न्हाईत व्हय?"

"येतात. पण लिहायला कशाला पाहिजे?"

"मग काय, त्यांच्या घरी जाऊन मुंग्यांनी सांगायचं?"

स्थळाला फोटो जोडतात म्हणून काकवीचाही फोटो जोडायचा होता. मी मोबाईलवर बाटली उजेडात धरून छान सोनेरी फोटो काढला, तर आत्या म्हणाली, "बाजूनं बी काढ. समोरून तळाची साखर दिसत न्हाई."

अशी पत्रं पुण्याच्या कंपन्यांना गेली, नगरच्या मिठाईवाल्यांना गेली, हमरस्त्यावरच्या हॉटेलांना गेली. राळेगणसिद्धीकडच्या एका दूधवाल्यांनी चक्क फोन केला आणि मसाला दुधात काकवी घातली तर चालेल का, असं विचारलं. आत्या म्हणाली, "चव लई भारी लागंल. पन दूध गरम आसलं तर फाटतं कधीकधी." तो फोन तिथंच संपला. एका ऑफिसातून एक बाई बोलल्या की तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचायला भिंतीवर लावलंय. हसू दाबून बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं. आत्याला मात्र फार बरं वाटलं. "बग, आवडलं त्यांना," ती म्हणाली आणि त्यांच्या होकाराची वाट बघत बसली. बाकी पत्रांना उत्तरच नाही. पोस्टमन वाडीवर आला की ती गुऱ्हाळातून हात पुसत बाहेर यायची, आणि तो बिचारा लांबूनच मान हलवायचा. मामा काही बोलायचे नाहीत, पण कारखान्याच्या माणसाशी त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

मग मी नको ते केलं. पुण्याच्या एका कंपनीला जाणारं पत्र मी माझ्या मनानं लिहिलं. 'नैसर्गिक, शुद्ध, परंपरागत पद्धतीची काकवी. वर्षभर जशीच्या तशी टिकणारी. हवी तेव्हा, हवी तितकी उपलब्ध.' मुंग्या गेल्या, साखर गेली, मामांचा अबोला गेला. आत्या आली तेव्हा तिची परतीची गाडी फाट्यावर दिसत होती. तिनं न वाचता सही केली. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं आणि पाठोपाठ माणसंही आली. एक तरुण आणि एक तरुणी, गाडी घेऊन, थेट वाडीवर. आत्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. अंगण सारवलेलं, भाकरी, ठेचा, वाटीत काकवी. मामांनी नवी टोपी घातलेली. पोरं गोड होती, हावरटासारखी जेवली. मग तो तरुण म्हणाला, "मावशी, वर्षभर टिकते आणि बारा महिने मिळते, हे तुम्ही लिहिलंत ना, ते आम्हाला फार आवडलं."

"आसं कुठं लिव्हलंय?" आत्यानं विचारलं.

त्यानं पत्र पुढं केलं. आत्यानं चष्मा लावला, कागद लांब धरला आणि सगळं पत्र वाचलं. मग माझ्याकडं एकदा बघितलं. नुसतं एकदा. पत्राची घडी घालून तिनं ते परत दिलं आणि म्हणाली, "सही माझी हाय. पन ह्यातलं खरं काय न्हाई. चला, दावते." ती त्यांना कोठीत घेऊन गेली, बाटल्या उलट्या करून तळाची साखर दाखवली, मुंग्यांची रांग दाखवली, होळीनंतर काहील पालथी असते तो कोपरा दाखवला. माझं नाव तिनं अखेरपर्यंत घेतलं नाही. पोरं चांगली होती, म्हणाली कळवतो. पुन्हा काही कळवलं नाही.

त्यानंतर आत्या दुकानात यायची थांबली. पत्रं लिहीत होती, पण हातानंच लिहून श्रीगोंद्याहून टाकत होती. महिन्याभरानं मीच वाडीवर गेले. ती चुलीपुढं होती. मी म्हटलं, "आत्या, माझं चुकलं. मला वाटलं, निदान उत्तर तरी येईल."

"आलं की उत्तर," ती म्हणाली. भाकरी उलटली. "पन मला न्हाई आलं. तू लिव्हलेल्या बाईला आलं." आणि ताट पुढं करून, "जेवून जा."

मी जेवले. पण दुकानातलं तिचं स्टूल रिकामंच राहिलं.

ते भरलं एका बेकरीवाल्या चाचांमुळं. नगरला त्यांची जुनी बेकरी आहे. आत्याचं पत्र त्यांना गेलं होतं थंडीत, उत्तर आलं उन्हाळा लागल्यावर. सुरुवातीलाच लिहिलं होतं की तुमचं पत्र इतके दिवस खिशात होतं, कारण खरं उत्तर लिहायला वेळ लागतो. मग आत्याच्या पत्रातल्या एकेका मुद्द्याला नंबर घालून उत्तरं. 'एक, स्वभाव तापट आहे, दुपारी जास्त. दोन, मला शुगर आहे, त्यामुळे माल मी चाखू शकत नाही. सून चाखेल, तिची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे. तीन, मुंग्या आमच्याकडे आधीपासून आहेत. चार, घरातली भांडणं माझी बायको मिटवत असे. ती गेल्यापासून मिटत नाहीत, आपोआप विरतात.'

आत्यानं हे पत्र उभ्या उभ्या वाचलं म्हणे, आणि मामांना म्हणाली, "कारखान्याच्या मानसाला सांगा, यंदा न्हाई." दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात हजर. स्टूल ओढून बसली, कागद पुढं केला आणि जणू मधले दिवस गेलेच नव्हते अशा आवाजात म्हणाली, "हे टाइप कर. काना-मात्रा तपास."

पुढं कितीतरी हिवाळे वाडीवरून काकवीचे कॅन टेम्पोनं नगरला जात राहिले आणि येताना त्याच टेम्पोतून काकवीच्या नानकटाईचे डबे येत राहिले. फार मोठा धंदा नव्हता, पण गुऱ्हाळाचं धुराडं पेटतं राहिलं. फोन दोघांच्याही घरी होते, पण व्यवहार पत्रानंच. तोही असा, की मला टाइप करताना हसू आवरू नये. चाचा लिहायचे, 'या खेपेची काकवी करपली आहे.' आत्या लिहायची, 'होय, करपली. माझे लक्ष नव्हते. मागील नानकटाईत तूप कमी होते.' चाचा लिहायचे, 'होय, कमी होते.' आणि त्याखाली, 'ईदेला शीरखुर्मा पाठवतो, ड्रायव्हरला वाटेत खाऊ देऊ नये.' मी एकदा आत्याला म्हटलं, "अगं, एवढं फटकन लिहिता, कुणाला राग कसा येत नाही?" ती म्हणाली, "राग येतो की. पन खरं काय म्हनायचंय म्हनून परत वाचायला लागत न्हाई." गंमत म्हणजे इतक्या वर्षांत ती दोघं एकमेकांना कधी भेटली नव्हती. सीझनला आत्याला गुऱ्हाळ सोडवत नसे, आणि चाचांना भट्टी.

गेल्या दिवाळीच्या आधी आत्या आली ती हातात कागद न घेता. मामांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी काहिलीजवळ उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ऊस कारखान्याला नोंदवून झाला होता. "चाचांना कळवायचंय," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

मी कीबोर्डवर हात ठेवले. ती म्हणाली, "स. न. वि. वि." आणि थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुन्हा म्हणाली, "स. न. वि. वि." रस्त्यावरून दोन-तीन ट्रक गेले. मग ती म्हणाली, "तूच लिही, पोरी. आन जरा गोडीनं लिही."

गोडीनं लिहायला मला किती येतं! 'अपरिहार्य कारणास्तव', 'कळविण्यास अत्यंत खेद होतो', 'आपला स्नेह असाच राहो'. असली वाक्यं माझी बोटं झोपेतसुद्धा मारतील. त्या दिवशी एकही आलं नाही. मी लिहिलं, 'यंदा गुऱ्हाळ लागणार नाही. पुढेही लागेल असे वाटत नाही. आत्याच्या यजमानांना उभे राहवत नाही. त्यामुळे काकवी मिळणार नाही. हे पत्र आत्या स्वतः सांगणार होती, पण तिला पुढे बोलता आले नाही.'

प्रिंट काढून तिच्या हातात दिली. ती ओठ हलवत वाचत राहिली. मधे एक जण आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आला, मी त्याची पुढची-मागची बाजू काढून दिली, तो गेला, तरी ती शेवटच्या ओळीवरच होती.

"ती ओळ काढू का?" मी हळूच विचारलं.

"झालंय न्हवं तसं?"

"झालंय."

"मग ऱ्हाऊ दे."

तिनं सही केली. मी पाकिटावर पत्ता लिहिला आणि नेहमीसारखा पोस्टात टाकायला हात पुढं केला, पण तिनं पाकीट दिलं नाही. पिशवीत ठेवलं, पदर नीट केला. "हातात देते," म्हणाली.

बाहेर फाट्यावर श्रीगोंद्याची एसटी उभी होती. आत्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवी छातीशी धरून तिनं रस्ता ओलांडला आणि नगरच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षाला हात केला.