न्वेचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडायचे तेव्हासुद्धा हे तेवढं बाजूला सारून बाकीचं बोलायची. आता सत्तरी ओलांडली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगायला जमेल — बघू.

मी शिराळ्याची, मास्तरांची मुलगी. लग्न होऊन उंब्रजजवळच्या एका गावात आले. सासरे लष्करातून आलेले, महायुद्धात ब्रह्मदेशात लॉरी चालवायचे. आणि सासू तिथली. युद्ध संपल्यावर सासऱ्यांनी तिकडंच लग्न केलं आणि बोटीनं कलकत्त्याला, तिथून आगगाडीनं तिला घेऊन आले. तिचं खरं नाव खिन. गावानं त्याचं किनाबाई केलं. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तिला आत्या म्हणायची.

माझ्या वडिलांना ही सोयरीक मनातून पटलेली नव्हती. "बाई चांगली असंल, पर तिच्या मागं काय हाय ते कुणाला ठावं?" असं ते एकदा आईला म्हणाले होते. मी दाराआड होते. हे आधीच सांगून ठेवते. याचा आडोसा घ्यायचा नाहीये मला. पण ते वाक्य माझ्या कानात होतं, हे खरं.

आत्या कशी होती? नऊवारी नेसायची, ती आमच्यापेक्षा चापूनचोपून. भाकरी अशी थापायची की चुलत जावा बघत राहायच्या. बोलायची आमच्यासारखंच, फक्त कधी 'तो भाकरी', कधी 'ती दगड'. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा गावातल्या सासवांनी नाकं मुरडली. आत्यानं माझा डबा भरून दिला आणि वेशीपर्यंत सोडायला आली. पहिल्या बाळंतपणात माझ्या आईला यायला जमलं नाही, तर चाळीस दिवस तिनं माझं न्हाणंधुणं केलं. अशी बाई. मुद्दाम सांगते — तिनं मला कधी दुखावलं होतं म्हणून मी असं केलं, असं तुम्हाला वाटायला नको.

सासरे वारले, आणि मग ती एकाएकी म्हणाली, मला इथलं व्हायचंय.

तोवर आम्हाला कुणाला नीट कळलंच नव्हतं, की कागदोपत्री ती परदेशी होती. दरसाल सासरे तिला घेऊन साताऱ्याला जायचे, पोलीस कचेरीत नोंद करून यायचे. आम्हाला वाटायचं, दोघं बाजाराला जातात. आता सासरे नव्हते. माझे यजमान माधवनगरला कापडाच्या गिरणीत, पंधरा दिवसांनी घरी यायचे. म्हणून त्या वर्षी तिच्याबरोबर मी गेले. जमादारानं तिला उभंच ठेवलं. परतताना एसटीत ती म्हणाली, "तीस वरसं हितं भाकऱ्या थापल्या, सुमन. आन दरसाली चोरावानी हजेरी. मराय आले तर मला जाळतानी बी परवाना काडशीला व्हय?"

मग मीच पुढाकार घेतला. शिकलेली मीच होते ना घरात. लग्नाचा पलटणीकडचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता. सासऱ्यांच्या जन्माची नोंद शाळेतून काढली. दोन प्रतिष्ठितांच्या सह्या, सरपंचाचा रहिवासाचा दाखला, फोटो — फोटोला साताऱ्यापर्यंत जावं लागलं, आत्यानं डोक्यावरचा पदर काढायला साफ नकार दिला आणि फोटोवाला हरला. आणीबाणीचे दिवस होते. कचेरीत साहेब लोक वेळेवर यायचे, पण परदेशी म्हटलं की प्रत्येक कागद दोनदा उलटून बघायचे. सहा-सात खेपा झाल्या. मला कंटाळा आला नाही. मला ते आवडत होतं. माझ्या हातून काहीतरी मोठं काम होतंय, असं वाटायचं.

मुख्य अर्ज मी आधी घरी पेन्सिलीनं भरला. संध्याकाळची वेळ, आत्या शेंगा फोडत बसली होती. मी एकेक रकाना वाचायची, ती सांगायची. एक रकाना होता — भारताबाहेर राहणारे जवळचे नातेवाईक. नाव, नातं, पत्ता. मी सहज वाचला. आईबाप गेल्याचं माहीत होतंच.

"लेक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"लेक. न्वे. न्वे म्हंजी वेल — दोडक्याचा आसतो तसा." शेंगा फोडणं थांबलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, सावकाश. आमच्या सासऱ्यांच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. तो नवरा बाँबहल्ल्यात गेला. मुलगी तीन वर्षांची. इकडं निघताना ती तापानं फणफणलेली, म्हणून बहिणीकडं ठेवली. वर्षभरात येऊन घेऊन जाऊ, असं सासरे म्हणाले होते. मग तिकडं देश स्वतंत्र झाला, बंडाळी झाली, वाटा बंद झाल्या. सासऱ्यांनी गावात सांगितलं होतं, पोरकी मुलगी होती, मी लग्न करून आणली. ते तसंच राहिलं. यजमानांनासुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांना एक थोरली बहीण आहे, हे जगात आता फक्त मला ठाऊक झालं होतं.

"बाळूला मी सांगीन, माझ्या तोंडानं," ती म्हणाली. बाळू म्हणजे माझे यजमान. "पर तू लिव. सरकारच्या कागदावर लिव तिचं नाव. कवातरी कुणीतरी बघंल. कवातरी रस्ता उघडंल."

मी लिहिलं. पेन्सिलीनं, नाव, मुलगी, गावाचा पत्ता. तिनं कागद हातात घेतला. आमची लिपी तिला येत नव्हती — तिची लिपी वेगळी, नुसती वाटोळी वाटोळी अक्षरं — पण मी दाखवलेल्या जागेवर तिनं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

आता सांगायला हवं. किती वेळ टाळणार?

चार दिवसांनी आम्ही साताऱ्याला गेलो. छापील अर्ज शाईनं तिथंच भरायचा होता. आत्या बाहेर लिंबाखाली बसली, मी व्हरांड्यात बाकड्यावर टेकून लिहायला लागले. तेवढ्यात ते खातं बघणारे कारकून बाहेर आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू शिराळ्याच्या मास्तरांची थोरली न्हवं? आगं, मी तुमच्या वरच्या आळीतला! कालच मास्तर भेटलं हुतं." आणि माझ्या शेजारी बसले. "भर, भर. मी बघतो की बरूबर हाय का."

त्या रकान्यापर्यंत मी आले. पेन्सिलीचा कागद मांडीवर होता. कारकुनांची मान माझ्या खांद्याशी.

मला काय दिसलं सांगू? न्वे नाही दिसली. आत्याही दिसली नाही. शिराळ्याचा पार दिसला, वडील दिसले, आणि त्यांना कोणीतरी सांगतंय — मास्तर, तुमच्या लेकीच्या सासूला पहिल्या घरची एक लेक हाय म्हणं. एवढंच. कुणी मारणार नव्हतं, कुणी घरातून काढणार नव्हतं. चार माणसं चार दिवस बोलली असती. तेवढ्यासाठी मी शाईच्या पेनानं त्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. पेन्सिलीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पुढं तो चुलीत घातला.

कारकून म्हणाले, "बेस. बाहेर कुणी नसलं की चौकशी लवकर उरकती."

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते, की काम लवकर व्हावं म्हणून लिहिलं. पण ते वाक्य त्यांनी नंतर उच्चारलं. माझं लिहून झालं होतं.

अर्जाखाली आत्यानं सही केली, तिच्या वाटोळ्या अक्षरात. वरचं सगळं वाचून समजून घेतलं, असं त्या सहीच्या वर छापलेलं होतं. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, "न्वेचं नाव लिवलंस न्हवं?"

"व्हय, आत्या," मी म्हणाले.

मंजुरी यायला दीड वर्ष गेलं. मग शपथेचं बोलावणं आलं. पंधरा दिवस ती शपथ पाठ करत होती. संविधान हा शब्द तिच्या जिभेला वळेना. मी वर्गात पोरांना करून घेते तसा तुकडे पाडून करून घेतला. शपथेच्या दिवशी हिरवं इरकल नेसली. साहेबांपुढं उभी राहून तिनं सगळी शपथ न अडखळता म्हटली. ते साहेब स्वतः खुर्चीतून उठून उभे राहिले. बाहेर आल्यावर तिनं शिपायालासुद्धा पेढा दिला. यजमान रजा काढून आले होते, त्यांचे डोळे भरले. आणि मी? मीही हसत होते. आनंद खोटा नव्हता. विचित्र वाटेल तुम्हाला, पण त्या दिवशी मला ते आठवलंच नाही.

दोन वर्षांनी पत्र आलं. जुन्या पत्त्यावर कुणाच्या तरी हातून आत्याचा निरोप पोचला होता, आणि न्वेनं उत्तर पाठवलं होतं. आत्या ते पत्र छातीशी धरून गोठ्यात जाऊन बसली. न्वेला यायचं होतं. एकदाच, आईला बघायला. तिकडचं सरकार सहजी सोडत नव्हतं. पण आई भारताची नागरिक आहे आणि ही तिची मुलगी, असा इथल्या सरकारचा दाखला मिळाला तर परवानगीची आशा होती. त्याच रविवारी आत्यानं यजमानांना सगळं सांगितलं. ते हसले. "म्हंजी मी धाकटा?" म्हणाले. सोमवारची रजा टाकून आम्ही तिघं साताऱ्याला गेलो.

साहेब नवे होते, सभ्य होते. त्यांनी जुनी फाईल मागवली, वाचली, आणि फिरवून आमच्यापुढं ठेवली. "बाई, तुम्ही लिहून दिलंय की बाहेर जवळचं कोणी नाही. त्याखाली सही तुमची. मग आता मुलगी कुठून आली? तेव्हा खोटं लिहिलंत, की आता सांगताय?"

यजमानांनी वाचलं. आत्याला आमची लिपी वाचता येत नव्हती, पण तो शब्द केवढासा आहे, ते तिला दिसलं. पेन्सिलीनं लिहिलेली ओळ लांब होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काही शोधत असल्यासारखं. माझ्या तोंडात शब्द होता — खरंच होता. मी तो बाहेर काढला नाही.

"तवा मीच सांगितलं न्हाई, सायेब," आत्या म्हणाली. "लाज वाटली."

साहेबांनी समजावून सांगितलं, की खोटी माहिती दिली असं ठरलं तर नागरिकत्वच अडचणीत येईल. हा दाखल्याचा अर्ज मागं घ्या, त्यातच तुमचं हित आहे. तिनं अर्ज मागं घेतला.

न्वे आली नाही. आणखी दोन पत्रं आली, मग बंद झाली.

साताऱ्याहून परतलो त्या संध्याकाळी जेवताना यजमान आईला म्हणाले, "पोटच्या पोरीला कागदावर मेली केलीस तू. लाजंपायी?" मी वाढत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. आत्या म्हणाली, "व्हय बाबा. चुकलं." आणि मला म्हणाली, "त्येला आमटी वाढ." त्यानंतर वर्षभर ते घरी आले की आईशी कामापुरतं बोलायचे. पुढं निवळलं, पण पहिल्यासारखं कधीच झालं नाही. ती आणखी अकरा वर्षं होती. माझ्याशी तिचं वागणं तसूभर बदललं नाही. मला एकदाही विचारलं नाही. शेवटच्या दुखण्यात माझ्या हातूनच पाणी प्यायली.

तिनं मला का वाचवलं? मी ठरवू शकत नाही. त्याचा अर्थ लावून स्वतःला बरं वाटेल असं काही काढायचा मला अधिकार नाही.

एवढंच आहे. नाव माझ्या हातानं गाळलं, बोलायची वेळ दोनदा आली आणि दोन्हीदा मी गप्प राहिले, आणि एका माणसानं आपल्या आईला उरलेलं आयुष्य मनातून माफ केलं नाही, ते माझ्यामुळं. ते आता पंचाहत्तरीला आलेत. बाहेर सोप्यात बसलेत, चष्मा लावून, मी काय लिहितेय म्हणून मघाशी दोनदा विचारून झालंय. कागद पुरा झाला की मी तो आधी त्यांच्या हातात देणार आहे, आणि ते वाचेपर्यंत समोर बसणार आहे.