गोणपाटातली परीक्षा

डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रमाणपत्र परीक्षा तयार करायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी सांगवीतल्या घरी बसूनच नोकरी करत होते. समितीला शंभर प्रश्न हवे होते, प्रत्येकाला चार पर्याय. माझं डोकंच फिरलं. असली प्रमाणपत्रं भिंतीवर मिरवणाऱ्यांचे घोळ मी आयुष्यभर निस्तरत आले होते.

दुपार पेंगत होती. उसाची पानं झोपेत पुटपुटल्यासारखी सळसळत होती. ओसरीवर माझे वडील, आबा, गवारीचं घरचं बी ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडत होते.

"बी तर डब्यात जपून ठेवलंय. मग हे कशाला?" मी विचारलं.

"ठिवलंय खरं. पर उगवतंय का न्हाय, ते डबा सांगत न्हाय."

त्यांनी गोणपाट गुंडाळलं. मी त्या गुंडाळीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग तोवर लिहिलेले सगळे प्रश्न खोडले आणि एकच लिहिला: आम्ही डेटाबेस मोडणार, तुम्ही तो आपल्या बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून, पुन्हा उभा करून दाखवायचा.

समितीला पाठवण्याआधी ती परीक्षा मी स्वतःच दिली. एका रिकाम्या मशीनवर माझ्याच कामाच्या डेटाबेसचा बॅकअप उघडायला घेतला. रोज न चुकता घेतलेला तो बॅकअप काही केल्या उघडेना.

चार दिवसांनी आबांनी गोणपाट उलगडलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब होता.

"तुझ्या परीक्षेचं काय झालं?"

"पहिली नापास मीच."

आबा कोंबांवरून बोट फिरवत म्हणाले, "बरं झालं. पेरायच्या आदी कळलं."