पॅनेलवरचे पलंगपोस

मावशींनी मीटरला काहीतरी चिकटवलंय, म्हणून त्यांच्याकडे आकडे उलटे पळतात, अशी गल्लीत कुजबुज होती. चिकटवलं काही नव्हतं. धोरण सरकारचंच: आपल्या छपरावर वीज करा, उरेल ती सरकारच्या तारेत सोडा, तेवढी बिलातून वजा. पण सरळ गोष्टीत गल्लीला कसला आलाय रस.

नवऱ्यामागे इस्त्रीचं दुकान मावशींनी एकटीनं ओढत आणलेलं. बिलाचे चटके मात्र इस्त्रीपेक्षा जबर. गाळा घराण्याचा, दुकान बंद पडलं की तो धाकट्या दिरांकडे जायचा, असं ठरलेलं. दीर टायरवाले. "वहिनी दमल्यात हो," असं ते भेटेल त्याला सांगायचे. वहिनी सोडून सगळ्यांना ते पटलंही होतं.

मावशींनी सरकारी योजनेतून गच्चीवर सौर पॅनेल बसवली. तपासणीत पास झाली तरच खर्चाला सरकारी मदत. नाहीतर सगळा खर्च अंगावर आणि दुकानाला टाळं.

तपासनीस आला. किती वीज होतेय ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या डब्यात डोकावला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ऊन रणरणतंय आणि वीज नावाला. माल खराब दिसतोय."

तपासणी बघायला आलेल्या दिरांनी खिशातून टेप काढून गाळ्याची रुंदी मोजायला घेतली.

तपासनीस गच्चीवर गेला, मागोमाग मावशी. पॅनेलवर इस्त्रीला आलेले एका लॉजचे ओले पलंगपोस ओळीनं पसरलेले, कडांना चिमटे.

"हे काय, मावशी?"

"वाळत घातलेत. एवढी स्वच्छ, तापलेली, उतरती जागा आणखी कुठं मिळणार? सुरकुती म्हणून पडत नाही."

"अहो, वीज उन्हावर होते. ऊनच झाकलंत तुम्ही."

"मला वाटलं, इस्त्रीसारखी काच तापली की झालं. तापलीय की चांगली, हात लावून बघा."

तपासनीस हसत सुटला. दोघांनी मिळून पलंगपोस काढले. खाली येऊन पाहतात तो आकडे सरसर चढत होते. त्यानं तिथंच सही ठोकली. पलंगपोस हल्ली पॅनेलखालच्या सावलीत वाऱ्यावर झुलतात.

दिरांनी टेप गुंडाळली, पण जाता जाता काडी घातलीच. "वहिनी, आज ऊन होतं म्हणून निभावलं. ढग आले म्हणजे काय कराल?"

मावशींनी गठ्ठा टेबलावर टाकला.

"ढग आले की कपडेच वाळत नाहीत, भावजी. इस्त्री कशाला करू? त्या दिवशी मी झोप काढीन."